वखारीतली गाणारीण

आमच्या घरी भाकऱ्या आप्पा थापायचे. आज हे सांगितलं की लोकांना वडिलांचं कौतुक वाटतं, पण त्या काळी निपाणीतल्या आमच्या गल्लीत तो चेष्टेचा विषय होता. आप्पा बाजारात हमाली करायचे. ही एवढी रुंद पाठ, आणि पहाटे तो माणूस काटवटीपुढं बसून जोंधळ्याचं पीठ मळायचा. शेजारीण दारातून विचारायची, "काय आप्पा, आज कालवण काय केलंसा?" आप्पा मान वर न करता म्हणायचे, "या की जेवायला, मग कळंल." कारण साधं होतं. आईनं थापलेली भाकरी कडू लागायची. आई तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची, आणि तंबाखू एकदा हातात मुरली की निघत नाही. राख लावा, चिंच लावा, वीट घेऊन घासा, बोटांच्या पेरांतून ती जात नाही. म्हणून पीठ, ताक, लोणचं असल्या कशाला आई शिवायची नाही. ती पाणी भरायची, झाडलोट करायची, धुणं धुवायची, आणि आप्पांच्या भाकऱ्या होईपर्यंत चुलीसमोर शेकत बसून काहीतरी गुणगुणायची. आप्पांच्या भाकऱ्या जाड, कडेला चिरलेल्या. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, नाहीतर पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. मला अजून पातळ भाकरी गोड लागत नाही. सुनेला त्याचं नवल वाटतं, वाटू दे.

आईचा आवाज गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या आईबद्दल लिहायला बसलं की माणसं वाट्टेल ते लिहितात. आवाज जाड होता, थोडा खरखरीत, पण ओरडल्याशिवाय लांब जायचा. कोगनोळीजवळच्या एका खेड्यात तिचं माहेर. तिथं भांगलणीला जाताना बायकांच्या मागून ती गाणी शिकली, देवळात भजन चालायचं तेव्हा खांबाआड बसून शिकली, आणि नाटक कंपनीचा तंबू पडला की बाहेर उभं राहून ऐकून ऐकून शिकली. तिला समोर बसवून कुणी शिकवलं नाही. ताल म्हणजे काय हे तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं, पण चुकलीही नसती. चाल कुठलीही घ्यायची आणि शब्द आपले घालायची. मुकादमाच्या मिशा, वखारीच्या छताला पडलेली भोकं, कुणाची सासू, कुणाची शेळी, सगळं तिच्या गाण्यात यायचं. वखारीत सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी होती ती बाळव्वासुद्धा आक्काच म्हणायची.

ही बाळव्वा चिकोडीकडची. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. आईच्या शेजारी बसून ती चाळायची. तिच्याकडून आईनं कानडी पदं उचलली होती, आणि एकाच गाण्यात मराठी आणि कानडी अशी काही मिसळायची की भाषेवरून डोकी फोडून घेणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना तिथं नेऊन बसवायला हवं होतं.

वखार म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. खिडक्या होत्या पण बंद, कारण वारा आला की बारीक माल उडून जातो. दोन ओळींत चाळीसेक बायका समोरासमोर बसायच्या आणि चाळण्या हलवायच्या. चाळणीतून खाली जर्दा पडायचा आणि वर खकाणा उठायचा. खकाणा म्हणजे तंबाखूची इतकी बारीक धूळ की ती दिसत नाही, फक्त टोचते. पहिल्यांदा आईचा डबा घेऊन मी आत गेले तेव्हा दारातच मला उलटी झाली होती, आणि मुकादमानं ती मलाच पुसायला लावली. सगळ्या बायकांनी पदरानं नाकतोंड गच्च बांधलेलं असायचं, वर नुसते डोळे. दुपारी कनवटीचा गुळाचा खडा काढून तोंडात टाकायच्या, घशातली धूळ खाली जावी म्हणून. त्या चाळीस बांधलेल्या तोंडांत एकच तोंड उघडं असायचं, ते आईचं. गाणाऱ्या बाईला पदर बांधता येत नाही. आणि गाणं म्हणायचं तर नुसतं तोंड उघडून भागत नाही, श्वास पोटापर्यंत ओढावा लागतो. हे मला त्या वयात दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

तिथं एक रीत होती. गाताना आईचे हात मंदावायचे, त्यामुळं संध्याकाळी तिचा ढीग सगळ्यांपेक्षा लहान व्हायचा, आणि मजुरी ढीग बघून मिळायची. म्हणून काम संपायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या ढिगातलं एक सूप भरून आईच्या ढिगावर ओतायची. त्याला 'गळ्याचं सूप' म्हणायच्या. हे कुणी ठरवलं, कधी सुरू झालं, देवालाच ठाऊक. आईच्या आधीही तिथं एक म्हातारी गायची, तिलाही असंच सूप मिळायचं म्हणे. आणि या रीतीला एक नियम होता. गाणारणीनं आपण होऊन गायचं नाही. कुणीतरी मागायचं, मगच तोंड उघडायचं. न मागता गाणारी बाई सुपासाठी गाते, असं समजलं जायचं, आणि तशी बाई हलकी. मागायचं काम बाळव्वाचं. सकाळी बसकण मारून चाळणी हातात घेतली की ती कानडीत म्हणायची, "आक्का, ओंदु हाडु," म्हणजे एक गाणं. आई आढेवेढे घ्यायची, "घसा बसलाय बाई," म्हणायची, आणि सुरू व्हायची.

तिच्या गाण्यावर वखार चालायची, यात काही अतिशयोक्ती नाही. सकाळी चाल संथ, दुपारच्या जेवणानंतर पेंग येते तेव्हा उडती. हात आपोआप त्या चालीवर पडायचे. मुकादमाची सावली दारात पडली की आई चालू गाण्यात "सावली आली गं सावली" एवढं घुसडायची आणि बायकांची कुजबुज जागच्या जागी बंद व्हायची. मुकादम पाय हलवत दारात उभा राहायचा. त्याला वाटायचं, गाण्यातलाच शब्द आहे. बायका पदराआड हसून हसून बेजार व्हायच्या. कुणाचं पोर दगावलेलं असलं तर त्या दिवशी आई वेगळं काहीतरी गायची, आणि त्या बाईला चाळता चाळता रडता यायचं. हात थांबले असते तर मुकादम ओरडला असता. रडायलासुद्धा तिथं गाण्याचा आडोसा लागत होता.

मागच्या वर्षी बेळगावात आमच्या अनगोळमधल्या एका मंडळानं मला निवृत्त शिक्षिका म्हणून व्यासपीठावर बसवलं. विषय होता संगीत आणि समाज. एक सुटाबुटातले गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते की संगीतानं मन हलकं होतं, रक्तदाब उतरतो, आयुष्य वाढतं. समोरची माणसं माना डोलावत होती. मला माइक दिला तेव्हा मी आभार मानले आणि खाली बसले, कारण तोंड उघडलं असतं तर कार्यक्रमाचा विचका झाला असता. आयुष्य वाढतं म्हणे. ऐकणाऱ्याचं वाढत असेल बाबा, गाणाऱ्याचं कुणी मोजलंय? घरी आल्यावर नातवानं विचारलं, "पणजीचं एखादं रेकॉर्डिंग नाही का गं?" नाही. आवाज कसा होता ते मला सांगता येतं, काढून दाखवता येत नाही.

मी दहावीत गेले त्या वर्षी आईला खोकला लागला. खोकला तसा वखारीतल्या सगळ्यांनाच होता, पण आईचा थांबेना. चढ चढताना ती मध्येच उभी राहायची आणि कुणाच्या तरी दारातली तुळस बघत असल्याचं सोंग करायची. एका दुपारी मी तिला ओढत बाजारातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली आणि विचारलं, "तोंड बांधून काम करत नाही काय?" आई म्हणाली, "न्हाय." "का?" आईच्या आधी मीच सांगितलं, "ती गाती तिथं." डॉक्टरांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "वखार सोडली तर उत्तम. ते जमणार नसेल तर निदान तोंड बांधायचं. उघड्या तोंडानं अशीच गात राहिली तर दोन-तीन वर्षांच्या वर मी काही सांगू शकत नाही." एवढं स्पष्ट बोलले ते. आईनं औषधाची बाटली पदरात गुंडाळली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आप्पास्नी सांगू नको. भाकऱ्या करपतील."

त्या दिवसापासून मी तिच्या मागं लागले. गाऊ नको, तोंड बांध, माझी शपथ आहे. ती नुसती हसायची. शेवटी एकदा चिडून म्हणाली, "हे बघ सुमे, मी आपणहून गातो काय? त्या मागत्यात, मी गातो. ज्या दिवशी त्या मागायच्या थांबतील त्या दिवशी मी थांबतो. झालं?" आमच्या भागात बायका 'मी गातो, मी जातो' असंच बोलतात. बेळगावात शिकवायला लागल्यावर मी ते सोडलं. आईनं कशाला सोडावं? तर आई हे बोलली, आणि माझ्या शहाण्या डोक्यात तेवढंच वाक्य राहिलं. मला वाटलं, तिनंच मला वाट दाखवली.

दोन दिवसांनी ताप येऊन आई घरी पडली. मी शाळा बुडवली आणि दुपारच्या सुट्टीत वखारीवर गेले. बायका बाहेर चिंचेखाली भाकऱ्या सोडून बसल्या होत्या. पदर सुटलेले होते, आणि डोळ्यांभोवतीचं कातडं सोडून बाकी चेहरे गोरे दिसत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, किती वर्षं म्हणाले, आई माझं कसं ऐकत नाही, सगळं. आणि शेवटी म्हणाले, "तुमी तिला गाणं मागू नकासा. आणि मी येऊन गेलो हे सांगू नकासा. सांगितलं तर ती मुद्दाम गाईल."

मग कडेची एकजण बोलली, "आमास्नी दिसत न्हवतं असं न्हाय पोरी. रक्तबी बघितलंय मी तिच्या पदराला."

"मग का मागत हुतासा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

बाळव्वा म्हणाली, "का मागत हुतो ते तुला आत बसल्याशिवाय कळायचं न्हाय. सकाळपासनं सांजपातूर त्या धुरळ्यात बसायचं. आक्का गाती तवा दिस सरतोय. ती न्हाय आली तर मी दहा येळा उठून दारातलं ऊन बघतो." मग हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "पण व्हय, चुकलंच आमचं. जीव घेऊन गाणं ऐकायचं म्हंजे काय." तिनं समोरच्या भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अन्नाची शपथ. आजपासनं मागायचं न्हाय." एकेकीनं आपापल्या भाकरीवर हात ठेवला. काहींनी ठेवताना डोळे पुसले. मला त्या वेळी फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. करायला गेले गणपती, अशी आपल्याकडं म्हण आहे, तिचा पुढचा अर्धा भाग मला नंतर कळला.

ताप उतरल्यावर आई कामावर गेली. तिथं काय झालं ते मला बाळव्वाकडून कळत गेलं. सकाळी सगळ्या बसल्या, चाळण्या सुरू झाल्या. आईनं घसा खाकरला आणि वाट बघितली. बाळव्वा खाली मान घालून चाळत राहिली. आईला वाटलं, आजारातून उठलेय म्हणून मागत नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं बाळव्वाला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "काय बाळव्वा, कान दुखतोय काय?" बाळव्वा म्हणाली, "न्हाय आक्का, डोकं दुखतंय." शेडमध्ये नुसती चाळण्यांची घासघास आणि खोकले. इतक्या वर्षांत आपल्याकडं एवढे खोकले आहेत हे पहिल्यांदाच ऐकू आलं, असं बाळव्वा म्हणाली.

घरी आई आधी मुद्दाम जास्त बोलायची. मग बोलायची थांबली. एका सकाळी चुलीसमोर बसून तिनं आप्पांना विचारलं, "माझा आवाज बदललाय काय ओ?" आप्पांना काहीच ठाऊक नव्हतं. भाकरी उलटत म्हणाले, "न्हाय बा. हाय तसाच हाय." आई म्हणाली, "तुमास्नी काय कळतंय." आणि त्या दिवसापासून ती चुलीसमोरही गुणगुणेनाशी झाली. ती आता तोंडाला पदर बांधत होती. खोकला किंचित कमी झाल्यासारखा मला वाटला. मी वहीच्या मागच्या पानावर रोज फुली मारत होते, आज रात्रभर नीट झोपली, आज एकदाच उठली. कसली खूश होते मी.

बायकांनी सूप मात्र चालू ठेवलं होतं. गाणं थांबलं म्हणून त्यांनी तिचा ढीग उपाशी ठेवला नाही. त्यांच्या मनात कृतज्ञता होती, अपराधीपणा होता, दोन्ही. पण आई त्यांच्या मनात काय आहे ते कुठं बघत होती? पहिले चार-पाच दिवस ती काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी बाळव्वा सूप घेऊन वाकली तेव्हा आईनं सुपाची कड धरली. "हे कशाचं?" बाळव्वा म्हणाली, "असू दे की आक्का." आई उठून उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मी गातो तवा ती माझी कमाई हुती. गाणं नको असंल तर सूपबी नको. भीक घ्यायला मी देवळाच्या दारात बसलो न्हाय." आणि सूप तिनं तिथंच जमिनीवर पालथं केलं. चाळलेला माल मातीत गेला. मुकादमानं आरडाओरडा केला, तो तिनं ऐकूनही घेतला नाही.

मग व्हायचं ते झालं. वर्षानुवर्षं गात बसलेले तिचे हात इतरांएवढे चपळ नव्हते. ढीग रोज कमी पडायला लागला. मुकादमानं तिला चाळणीवरून उठवलं आणि मागच्या खोलीत काडी बडवायला बसवलं. तंबाखूच्या पानातले देठ वाळवून ते दांडक्यानं बडवतात, त्याची भुकटी करतात. चाळणीचा खकाणा परवडला असा तिथला धुरळा. पदराच्या चार घड्या केल्या तरी तो आत जातो. संध्याकाळी घरी आली की आईच्या पापण्यासुद्धा तांबड्या-पिवळ्या भुकटीनं माखलेल्या असायच्या. मी तिला आगीतून काढलं आणि फुफाट्यात घातलं होतं.

बाळव्वा त्याच आठवड्यात आमच्या नळावर आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुमे, मी शपथ मोडली. काल मागच्या खोलीत जाऊन गाणं मागितलं. हातापाया पडलो. न्हाई म्हणाली. म्हणाली, कीव करून गाणं मागू नये बाळव्वा, गाण्याचा अपमान हुतोय." मग माझा दंड धरून म्हणाली, "आता आमच्यानं हुयाचं न्हाय. तूच सांग तिला खरं काय ते. तू सांगितल्याबगार ती परत यायची न्हाय." मी म्हणाले, सांगतो. त्या रात्री सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. आधी वाटायचं, ती मला मारेल. मग वाटायला लागलं, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग वाटलं, आता एवढे दिवस गेले, आता सांगून काय होणार. माणूस स्वतःला किती वेळा फसवू शकतो याला काही सुमार नाही. पोरवय होतं म्हणून मी स्वतःला सोडणार नाही. सोळा वर्षांच्या मुलीला एवढं बोलता येतं. चाळीस बायकांपुढं उभी राहून बोलता आलं होतं की.

दीड वर्षात आई अंथरुणाला खिळली. दाराजवळ तिची वाकळ घातली होती, कारण आतल्या बाजूला तिला गुदमरायचं. आप्पा भाकऱ्या थापायचे, त्या दुधात कुस्करून मी तिला भरवायची. दोन घास जायचे. वखारीतल्या बायका कुणी आल्या तर ती डोळे मिटून घ्यायची. बाळव्वा मात्र दर सुट्टीला यायची आणि तशीच बसून जायची. एका दुपारी आईनं डोळे उघडले आणि तिला म्हणाली, "बाळव्वा, मराय लागलोय मी, आता खरं सांग. माझा आवाज कवापासनं बिघडला हुता?"

बाळव्वा म्हणाली, "तुझा आवाज कवाच बिघडला न्हाय आक्का."

"मग का बंद केलंसा?"

बाळव्वानं माझ्याकडं बघितलं. मी हातात औषधाची वाटी घेऊन भिंतीला टेकून उभी होते. मी मान हलवली, नको म्हणून. बाळव्वानं खाली बघून म्हटलं, "आमचीच कानं फुटली हुती, असं समज." आणि ती पदर तोंडाला लावून निघून गेली. तिनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.

आई दाराकडं बघत होती. मग मला म्हणाली, "ती तुझ्याकडं का बघत हुती?"

तेव्हा मी सांगितलं. आपण होऊन सांगितलं नाही, पकडली गेले म्हणून सांगितलं, तेही आज कबूल करते. चिंचेखालचं, शपथेचं, सगळं. मी रडत होते आणि मध्ये मध्ये डॉक्टरांचं नाव पुढं करत होते. आई शेवटपर्यंत ऐकत होती. तिला धाप लागत होती म्हणून ती तुकड्या-तुकड्यानं बोलली.

"मी म्हणालो हुतो, त्या मागायच्या थांबतील तवा थांबतो. त्या थांबल्याच न्हवत्या की गं."

"आई, तुझ्या छातीसाठी..."

"छाती माझी हुती. खकाणा आत जातोय हे मला कळत न्हवतं व्हय? कळून गात हुतो मी." ती बराच वेळ श्वास घेत पडली. "एवढ्या बायका माझ्यामुळं दिस काढत हुत्या. तेवढंच माझं हुतं. दीड वरीस मी त्यांच्यावर दात धरला. बाळव्वाला तोंड दाखवलं न्हाय." मग म्हणाली, "जा. तिला बोलवून आण. सगळ्यास्नी सांग, आक्कानं बोलवलंय."

मी पळत गेले. त्यानंतर आई चार दिवस होती. त्या चार दिवसांत वखार सुटली की बायका येत होत्या, दोघी-तिघी करून. आई एकेकीचा हात धरून बोलायची. कुणाच्या पोराचं विचारायची, कुणाला जुन्या एखाद्या फजितीची आठवण द्यायची, आणि तेवढ्या धापेतही एक-दोनदा हसली. सूप पालथं केल्याबद्दल तिनं बाळव्वाची माफी मागितली. बाळव्वा ओक्साबोक्शी रडली. गाणं कुणी मागितलं नाही, गाण्याची एक ओळ पुरी करण्याएवढा श्वास आता तिच्यात नव्हता. बायका गेल्या की आई भिंतीकडं तोंड करून पडायची. माझ्याशी ती बोलायची ते एवढंच. पाणी दे. उशी सरळ कर. दार उघड. आप्पांच्याही ते लक्षात आलं. "मायलेकीत काय झालंय?" त्यांनी मला घरामागच्या परड्यात नेऊन विचारलं. मी म्हणाले, काही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

पुढं माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली. ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यांनी माझी समजूत घातली. लहान होतीस, आईच्या भल्यासाठीच केलंस, आईच ती, मनातून तिनं कधीच माफ केलं असेल. मी ऐकून घेते. पण मी तिथं होते. तिला बोलता येत होतं, त्या चार दिवसांत ती चाळीस बायकांशी बोलली, आणि मी तिच्या उशाशीच बसलेली होते. तिनं मला माफ केलं नाही. तिच्या ठिकाणी मी असते तर मीही केलं नसतं.